कोलकात्यात कुठे उतरावं?

जूनमध्ये कोलकात्यात पाच वाजायच्या आत सूर्य उगवलेला असतो. मुंबईत त्या वेळी अजून काळोख असतो. देशभर घड्याळ एकच असलं तरी आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. कोलकाता त्याच्याही पूर्वेला आणि मुंबई बरीच पश्चिमेला, त्यामुळे दोन्ही शहरांच्या दिवसात तासाभराचा फरक पडतो. डिसेंबरात हा हिशेब संध्याकाळी चुकता होतो: पाचच्या सुमारालाच तिथे दिवेलागण झालेली असते.

दोन-तीन दिवसांसाठी कोलकात्याला जाणाऱ्याने हॉटेल शोधायला बसण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी, कारण तिथली बघायची ठिकाणं सूर्याबरोबर उठत नाहीत. इंडियन म्युझियम, जोडासाँकोचा ठाकुरांचा वाडा, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं, सगळं दहा वाजल्यापासून पुढे. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकानं तर त्याहूनही उशिरा उघडतात. म्हणजे उजाडल्यापासून पहिलं फाटक उघडेपर्यंत चार-पाच तास हातात उरतात, आणि हे तास ज्या वस्तीत उतरलात त्या वस्तीतच जायचे असतात. दिवसभर टॅक्सी-मेट्रोने कुठेही फिरता येतं. पहाटे मात्र पायात चपला सरकवून जिथवर चालत जाऊ तेवढंच शहर आपल्या वाट्याला येतं. लहान मुक्कामात राहायची जागा निवडायची ती या पहाटेवर नजर ठेवून, असं माझं ठाम मत आहे. खोलीचं भाडं आणि नाश्त्याची सोय हे त्यानंतर बघावं.

मोबाइलवर हॉटेल शोधताना नेमकं उलट होतं. भाड्याप्रमाणे यादी लावली की न्यू टाउन, राजारहाट, सॉल्ट लेक सेक्टर फाइव्ह इथली चकचकीत हॉटेलं वर येतात. खोल्या मोठ्या, इमारती नव्या, विमानतळ जवळ. कामासाठी आलेल्याला ती उत्तमच. पण जो कोलकाता बघायला आलाय त्याचा सकाळचा एक आणि रात्रीचा एक तास रस्त्यात जातो, आणि सकाळी सहाला खाली उतरून बघावं तर रुंद रस्ता, काचेच्या इमारती आणि बंद दुकानं. असा रस्ता हिंजवडीतही आहे. तीन दिवसांच्या सहलीत रोजचे दोन तास म्हणजे जवळजवळ अख्खा एक दिवस गेला. खोलीत जे वाचतं ते टॅक्सीत जातं, हे तर आहेच.

मग शोधायचं कुठे? मी मेट्रोची उत्तर-दक्षिण रेघ डोळ्यांसमोर धरून शोधतो. भारतातली पहिली मेट्रो इथे धावली, २४ ऑक्टोबर १९८४ला, एस्प्लनेड ते भवानीपूर एवढ्याच टप्प्यावर. आज तीच निळी मार्गिका उत्तरेला थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते आणि दक्षिणेला टॉलीगंजच्याही पुढे. शहरही मुळात हुगळीच्या काठाने उत्तर-दक्षिण असंच वाढत गेलं, त्यामुळे बघण्यासारखं बहुतेक सगळं या मार्गिकेच्या दोन्ही अंगांना सापडतं. जोडासाँकोला गिरीश पार्क, कॉलेज स्ट्रीटला महात्मा गांधी रोड, म्युझियमला पार्क स्ट्रीट, व्हिक्टोरियाला मैदान किंवा रवींद्र सदन, देवीच्या दर्शनाला कालीघाट. तिकीट ५ रुपयांपासून. यातल्या कुठल्याही स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालीवर मुक्काम असला की निम्मं काम झालं.

गेल्या काही वर्षांत या हिशेबात मोठी भर पडली आहे. मार्च २०२४मध्ये हुगळीच्या पात्राखालून मेट्रो सुरू झाली आणि हावडा स्टेशन एस्प्लनेडपासून काही मिनिटांवर आलं. ऑगस्ट २०२५मध्ये हीच हिरवी मार्गिका सियालदहमार्गे सलग सॉल्ट लेकपर्यंत जोडली गेली, आणि त्याच महिन्यात विमानतळाची पिवळी मार्गिकाही चालू झाली. ती नोआपाड्याला निळ्या मार्गिकेला मिळते. पूर्वी हावड्याला गाडीतून उतरलं की पुलावरच्या गर्दीचा विचार करून लोक स्टेशनजवळच लॉज घ्यायचे. आता त्याची गरज उरलेली नाही. एक मात्र ध्यानात ठेवावं: रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, आणि रोज रात्री साडेनऊ-दहानंतर तिच्यावर भिस्त ठेवू नये.

या रेघेवर मुक्कामाच्या तीन वस्त्या आहेत, आणि तिन्हींची पहाट वेगळी आहे.

मधली वस्ती म्हणजे चौरंगी, सडर स्ट्रीट, पार्क स्ट्रीट. प्रवासी पुस्तकं सगळ्यांना इथेच पाठवतात, आणि त्याला कारण आहे. इंडियन म्युझियमच्या कुशीतून निघणारी सडर स्ट्रीट ही जगभरच्या पाठपिशवीवाल्यांची जुनी गल्ली आहे. तिथे अगदी स्वस्त खोल्यांपासून बऱ्यापैकी हॉटेलांपर्यंत सगळं मिळतं, आणि चौरंगीवर मोठी जुनी हॉटेलंही आहेत. एस्प्लनेडला निळी आणि हिरवी मार्गिका मिळतात. न्यू मार्केट चालत. रात्री उशिरापर्यंत पार्क स्ट्रीटवर खायला मिळतं. पहिल्यांदा येणाऱ्याला, रात्री उशिरा पोचणाऱ्याला, एकट्याने फिरणाऱ्याला ही वस्ती सोयीची. पण सडर स्ट्रीटवर दलालांचा ससेमिरा असतो, स्वस्त खोल्यांना कित्येकदा खिडकीच नसते, आणि ज्याला बंगाली माणूस त्याच्या घरच्या वेळापत्रकात बघायचाय त्याला तो इथे फारसा भेटत नाही.

तरीही या गल्लीबद्दल मला आदर आहे. १८८२च्या सुमारास रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या भावाबरोबर इथे १० नंबरच्या घरात राहत होते. एका सकाळी व्हरांड्यात उभं राहून ते गल्लीच्या टोकाला असलेल्या फ्री स्कूलच्या आवारातल्या झाडांमागून उगवणारा सूर्य बघत होते, आणि त्या सकाळीच ‘निर्झरेर स्वप्नभंग’ ही त्यांची कविता उमटली. आपल्या काव्यजीवनातलं वळण म्हणून त्यांनी ही हकीकत आठवणींत लिहून ठेवली आहे. इथे उतरलात तर पाचच्या सुमाराला उठून पूर्वेकडे तोंड करून गल्लीत एक फेरी माराच. नंतर समोरच्या मैदानात शिरावं. शेळ्या-मेंढ्यांचे कळप, फुटबॉल खेळणारी पोरं, धुक्यात उभी असलेली व्हिक्टोरियाची पांढरी इमारत. तिची दालनं उशिरा उघडतात, बाग सकाळी लवकर.

दुसरी वस्ती उत्तरेची: शोभाबाजार, बागबाजार, श्यामबाजार. माझा जीव इथे जडलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या भागाचं आपल्याशी एक जुनं नातं आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२मध्ये फौज घेऊन बंगालवर चालून गेले. त्या ‘बर्गीं’च्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठी फौज कोलकात्यावर कधी आलीच नाही, खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्याच्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला, आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचे रस्ते ते हेच. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे. बर्गींनी खेड्यापाड्यांत केलेल्या लुटीची आठवण बंगालीत बाळांच्या अंगाईपर्यंत उतरली आहे, हे ठाऊक ठेवून मराठी माणसाने त्या गल्लीतून चालावं. गंमत म्हणजे हा कधीच पुरा न झालेला खंदक राहण्याची जागा ठरवायला आजही उपयोगी पडतो. त्याच्या आत, नदीच्या बाजूला, चालत बघायचं जुनं शहर आहे. बाहेर गेलं की अंतरं वाढतात.

उत्तरेत हॉटेलं थोडी. काही जुन्या वाड्यांचे आता पाहुण्यांसाठी मुक्काम झाले आहेत: हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, मध्ये चौक, चौकाच्या एका अंगाला पूजेचा दालानवजा मंडप. भाडं मध्यम ते महाग, खोल्या मोजक्या, म्हणून आधी ठरवावं लागतं. त्याशिवाय साधी गेस्ट हाउसं आहेत. लिफ्ट बहुधा नसते, जिने चढे असतात. गुडघ्यांची तक्रार असलेल्याने तळमजल्याची खोली मागून घ्यावी.

पण पहाट! शोभाबाजारच्या गल्लीत साडेपाचला बाहेर पडलं की पहिला आवाज पाण्याचा येतो. रस्ते धुण्यासाठी कोलकात्यात हुगळीचं न गाळलेलं पाणी वेगळ्या नळांतून खेळवलेलं आहे. फुटपाथच्या कडेच्या तोट्यांतून ते गढूळ पाणी भसाभसा वाहत असतं आणि लोक त्याखाली बसून अंगाला साबण लावत असतात. घरांच्या पुढच्या दगडी ओट्यावर, ज्याला तिथे रोयाक म्हणतात, म्हातारी मंडळी वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन बसलेली. कोपऱ्यावर कचोरी तळली जात असते. ही आपल्यासारखी खस्ता नव्हे, पुरीसारखी मऊ आणि आत हिंग लावलेल्या उडदाच्या डाळीचं सारण. सालीसकट बटाट्याची पातळ भाजी पानाच्या द्रोणात, वर गरम जिलेबी, आणि चहा मातीच्या भांड्यात. ते भांडं ओठाला लागतं तेव्हा भाजलेल्या मातीचा वास चहाच्या आधी येतो. आठनंतर गेलात तर कचोरी असते, पण रांगेतली निम्मी माणसं कामावर गेलेली असतात आणि गप्पा संपलेल्या असतात.

तिथून दहा मिनिटांवर कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. प्रवासी इथे दहा-अकराला टोळ्यांनी येतात आणि अरुंद गल्ली कॅमेऱ्यांनी भरून जाते. सकाळी साडेसहाला कारागीर निवांत असतात. एकाला मी बराच वेळ बघत उभा होतो. बांबूच्या चौकटीवर तो पेंढ्याचे मुठे दाबून सुतळीने आवळत होता. आधी मांडी, मग पोटरी, मग वळलेला गुडघा. सुतळीचं टोक दातांत धरून त्याने पेंढ्याला एक पीळ दिला आणि तेवढ्यात सिंहावर पाय रोवून उभी राहिलेली बाई दिसायला लागली. तिला डोकं नव्हतं, हात नव्हते, माती अजून एक चिमूटही लागलेली नव्हती. आपल्याकडे पेणच्या कारखान्यांत साच्यातून निघणारे गणपती बघायची सवय असते. इथे ही प्रत्येक मूर्ती गवतापासून उभी राहते. फोटो काढण्याआधी विचारावं, आणि त्यांच्या वाटेतून बाजूला उभं राहावं.

आणखी पुढे बागबाजारात रामकृष्णांच्या पत्नी शारदादेवी राहत ते ‘मायेर बाडी’ आहे, बोसपाडा लेनमध्ये भगिनी निवेदितांचं घर आहे. घाटावरून हावड्याला जाणारी लाँच मिळते, आणि शहर नदीवरून कसं दिसतं ते बघायचं असेल तर ती सोडू नये. उत्तरेचा तोटा संध्याकाळी जाणवतो. मिठाईची दुकानं, जुनी कॅफे आहेत, पण रात्री नऊनंतर गल्ल्या शांत होतात. उशिरापर्यंत बाहेर राहायची सवय असलेल्यांना हे जमणार नाही. आणि पावसाळ्यात इथे उतरण्याआधी दोनदा विचार करावा. जोराचा पाऊस झाला की ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट या मध्य-उत्तरेच्या भागात गुडघाभर पाणी साचतं आणि मग टॅक्सी आत यायला तयार होत नाही.

तिसरी वस्ती दक्षिणेची, भवानीपूर ते बालीगंज. कुटुंबाबरोबर, लहान मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील तर मी इथेच उतरायला सांगेन. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, कोलकात्यातल्या मराठी मंडळींची जुनी वास्तू. जतीन दास पार्क हे मेट्रो स्थानक जवळच. तिथे खोली मिळेल का ते आधी फोन करून विचारावं. दारात जाऊन उभं राहू नये. भवानीपुरात गुजराती वस्ती मोठी असल्याने शाकाहारी जेवणाची ददात नाही. लेक मार्केटच्या बाजूला दक्षिण भारतीयांची वस्ती आहे, सकाळी इडली-डोसा हमखास मिळतो. मासे खाणाऱ्याला तर या शहरात कुठेच चिंता नाही. गोलपार्कला रामकृष्ण मिशनच्या संस्कृती संस्थेचं अतिथिगृह आहे; त्याचे नियम वेगळे, तेही आधीच विचारावेत.

इथली पहाट घरगुती आहे. रवींद्र सरोवराच्या काठाने चालणारी माणसं, पाण्यावर रोइंग क्लबच्या लांबट नावा, कठड्याशी योगासनं. कालीघाटचं देऊळ पहाटेच उघडतं. दर्शनाला जायचं असेल तर तेव्हाच, कारण दुपारी काही तास ते बंद असतं आणि त्याच्या आधी पंडे आणि गर्दी दोन्ही वाढतात. एल्गिन रोडवर नेताजींचं घर आहे. जानेवारी १९४१मध्ये ज्या मोटारीतून ते नजरकैदेतून निसटले ती मोटार तिथे ठेवलेली आहे. मुलांना घेऊन गेलात तर ती दाखवाच. सोमवारी ते बंद. सोमवारी कोलकात्यातली बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून शनिवार-रविवार जोडून सहल आखणाऱ्यांनी शेवटचा दिवस सोमवार ठेवू नये. ठेवावाच लागला तर तो दक्षिणेश्वर आणि बेलूर मठासाठी राखावा. दोन्हीकडे दुपारी दारं बंद होतात, तेव्हा सकाळीच निघावं.

डलहौसी, म्हणजे आजचा बिनय-बादल-दिनेश बाग, नकाशावर अगदी मध्यात दिसतो म्हणून लोकांना मोह होतो. कचेऱ्यांचा भाग आहे. दिवसा पाय ठेवायला जागा नाही, संध्याकाळी सातला आणि रविवारी शुकशुकाट. बडाबाजारातल्या धर्मशाळा स्वस्त आहेत, शाकाहारी आहेत, पण हमाल आणि हातगाड्यांतून सामान काढताना दमछाक होते. यात्रेकरूंच्या गटाला ठीक.

खोली पक्की करण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचाराव्यात. पहिली, ताबा किती वाजता मिळेल. मुंबईहून सकाळी निघणारी गीतांजली दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते, तेव्हा प्रश्न नसतो. पण पहाटेच्या विमानाने किंवा गाडीने पोचलात तर दुपारपर्यंत बॅगा घेऊन बसायची पाळी येते. दुसरी, खिडकी कुठे उघडते. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात ही चैनीची बाब नाही. तिसरी, टॅक्सी दारापर्यंत येते का. कोलकात्यात बरेच रस्ते एकदिशा आहेत आणि त्यातल्या कित्येकांची दिशा दुपारी उलटते. सकाळी पाच मिनिटांत पोचवणारा रस्ता संध्याकाळी मोठा वळसा घालायला लावतो.

पूजेच्या दिवसांत हे सगळे नियम बदलतात. युनेस्कोने २०२१मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेचा वारसा यादीत समावेश केल्यापासून बाहेरच्यांची गर्दी वाढली आहे आणि खोल्या कित्येक महिने आधी भरतात. षष्ठीपासून रस्ते वाहनांना बंद होत जातात, मंडप बघायचे ते पायी आणि रात्री. अशा वेळी मेट्रो स्थानकाला लागून असलेली साधी खोली लांबच्या आलिशान खोलीपेक्षा कितीतरी बरी. बागबाजारची सार्वजनिक पूजा आणि शोभाबाजारच्या देव घराण्याची १७५७पासूनची पूजा बघायची तर उत्तर. एकडालिया, मॅडॉक्स स्क्वेअर, देशप्रिय पार्क बघायचे तर दक्षिण. मुख्य रात्री मेट्रो पहाटेपर्यंत चालते, त्यामुळे एका बाजूला राहून दुसरी बाजू एका रात्रीत उरकता येते. मी तरी पूजेला उत्तरेतच उतरेन.

परतीची गाडी कुठली हेही आधीच बघून ठेवावं. गीतांजली दुपारी सुटते, तेव्हा शेवटच्या दिवशी सकाळशिवाय काही हाती लागत नाही. पुण्याची आझाद हिंद रात्रीची असल्याने अख्खा दिवस मिळतो. खोली दुपारी सोडावी लागली तर बॅगा हॉटेलवर ठेवता येतील का ते विचारावं, नाहीतर हावड्याला सामानघर आहेच. एस्प्लनेडहून नदीखालच्या मेट्रोने हावडा काही मिनिटांत येतं. पण स्थानक जमिनीच्या फार खाली आहे, सरकते जिने लांबच लांब आहेत, आणि तिथून फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं. मोठं सामान असेल तर गाडीच्या वेळेआधी निदान पाऊण तास हावड्याच्या मेट्रो स्थानकात उतरलेलं बरं.